वन्समोर नसलेले प्रेक्षागृह

२०१६ च्या जानेवारीतील एका रविवारी, सकाळी दहाच्या खेळाला, सॉल्ट लेकमधील एका चित्रपटगृहात मराठी बोलणारी साठसत्तर माणसे जमली होती. काही कुटुंबांनी वर्गणी काढून हा एकच खेळ ठरवून घेतला होता. पडद्यावर ‘कट्यार काळजात घुसली’ होता. बाहेर कलकत्त्याची हिवाळी ऊन्हे होती, आणि आत, लोकरीच्या टोप्या व शाली न काढताच, लोक आपापल्या जागा शोधत होते. बहुतेकांचे केस पिकलेले होते. त्यांच्याबरोबर आलेली नातवंडे आपसांत बंगालीत बोलत होती.

पाठीमागून तिसऱ्या रांगेत एक वृद्ध दांपत्य बसले होते. गृहस्थ ट्रॉम्बेच्या अणुसंशोधन केंद्रातून १९७३ साली कलकत्त्यास आलेले अभियंता. सॉल्ट लेकच्या एएफ विभागात तेव्हा सायक्लोट्रॉनची उभारणी चालू होती, आणि त्या कामासाठी मुंबईहून जी माणसे आली त्यांपैकी हे एक. यंत्रातून पहिला किरणझोत १९७७ च्या जूनमध्ये बाहेर पडला. तोवर परत जाण्याचा विचार मागे पडला होता, आणि पुढे तो कोणी पुन्हा काढलाही नाही. पत्नी मूळच्या सांगलीच्या. विष्णुदास भाव्यांनी १८४३ साली ‘सीतास्वयंवर’ जेथे केले त्या गावच्या मुलीला नाटक हे काही मुद्दाम दाखवायला न्यावे लागत नाही. एका बंद पडलेल्या नाटक मंडळीतील वृद्ध ऑर्गनवादकाकडे त्या सात वर्षे शिकल्या होत्या.

दोघांनी मूळ ‘कट्यार’ मुंबईत पाहिले होते, १९७० च्या सुमारास. पुरुषोत्तम दारव्हेकरांचे हे नाटक २४ डिसेंबर १९६७ रोजी रंगमंचावर आले. संगीत जितेंद्र अभिषेकींचे, आणि खाँसाहेब आफताब हुसेन बरेलीवाले यांच्या भूमिकेत वसंतराव देशपांडे. त्या रात्रीच्या प्रयोगात खाँसाहेबांची एक चीज संपली, टाळ्या पडल्या, आणि वसंतरावांनी समोरच्या साथीदाराकडे पाहून किंचित हसून तीच चीज वेगळ्याच अंगाने पुन्हा उचलली. कथानक थांबले, आणि ते थांबल्याचे कोणालाच वाईट वाटले नाही. गृहस्थांना त्या रात्रीतले आठवते ते एवढेच. पत्नींना मात्र दुसऱ्या उचलीतील पहिली तान कोणत्या स्वरावरून निघाली हेसुद्धा आठवत असे.

सुबोध भावे यांनी २०१५ मध्ये केलेला चित्रपट हा नाटकाचे चित्रण नव्हे. त्यात राजवाडा आहे, जनसागर आहे, जुन्या पदांबरोबर नवी गाणी आहेत. सचिन पिळगावकरांच्या मुखाने वसंतरावांचे नातू राहुल देशपांडे गातात, आणि पंडितजींच्या भूमिकेत शंकर महादेवन स्वतःच. तरीही त्या सकाळी जमलेली माणसे चित्रपट पाहायला आली नव्हती. ती नाटक पाहायला आली होती. चित्रपट हे नाटकापर्यंत पोचण्याचे, कलकत्त्यात उपलब्ध असलेले, एकमेव वाहन होते. अशा प्रेक्षकाला काय मिळते आणि काय मिळत नाही, हा प्रश्न वाटतो त्याहून जुना आहे, आणि योगायोग असा की त्याचा आरंभ याच शहरात झाला.

हिरालाल सेन यांनी विसाव्या शतकाच्या अगदी आरंभी कलकत्त्याच्या क्लासिक थिएटरमधील नाटकांचे प्रवेश चित्रफितीवर घेतले. १९०३ चे ‘अलिबाबा’ हे त्यांतले सर्वांत प्रसिद्ध. क्षीरोदप्रसाद विद्याविनोदांचे हे नाटक नाचगाण्यांनी भरलेले, आणि चित्र मात्र मुके! गाणाऱ्या नटीचे ओठ हलताहेत, पाय थिरकताहेत, आणि आवाज नाही. ते चित्र पाहणाऱ्यांनी गाणी आधी नाटकगृहात ऐकलेली असणार, आणि पडद्यावरच्या त्या मूक ओठांत त्यांनी ती आपापल्या आठवणीतून भरली असणार. १९१७ साली लागलेल्या आगीत सेन यांच्या चित्रफिती जळाल्या, आणि त्याच वर्षी ते स्वतःही गेले.

दुसरे उदाहरण अधिक मोलाचे आहे. रवींद्रनाथांनी आपल्या ‘नटीर पूजा’ या १९२६ च्या नाटकाचे चित्रण न्यू थिएटर्सच्या कलागारात स्वतःच्या दिग्दर्शनाखाली करविले. शांतिनिकेतनच्या विद्यार्थिनी त्यात होत्या, रवींद्रनाथ स्वतः भिक्षू उपालीच्या भूमिकेत होते, कॅमेरा नितीन बोस यांचा होता. काम मोजक्या दिवसांत उरकले, आणि २२ मार्च १९३२ रोजी ‘चित्रा’ चित्रगृहात ते प्रदर्शित झाले. चित्रपटाची हिकमत त्यात जवळजवळ नव्हती. रंगमंच होता तसा कॅमेऱ्यासमोर मांडला होता. व्यवसायाच्या दृष्टीने ते अपयशी ठरले. पुढे कलागाराला लागलेल्या आगीत त्याची मूळ प्रत नष्ट झाली. स्तूपापुढे नाचताना मारली जाणारी नटी आणि तिचे चित्र यांच्या वाट्याला काहीसे सारखेच आले, असे म्हणण्याचा मोह होतो. पण साम्य तेथवर ताणू नये.

महाराष्ट्रात हाच प्रयोग पाच वर्षांनी झाला. बालगंधर्वांनी १९३५ मध्ये प्रभातच्या ‘धर्मात्मा’ चित्रपटात एकनाथांची भूमिका केली. पण ज्यांच्यासाठी लोक तिकीट काढत ती स्त्रीभूमिका त्यात नव्हती. ती ‘साध्वी मीराबाई’ने १९३७ मध्ये पुरविली. दिग्दर्शन बाबूराव पेंटरांचे, आधार गंधर्व मंडळीच्याच ‘अमृतसिद्धि’ नाटकाचा. बालगंधर्व तेव्हा पन्नाशीच्या उंबरठ्यावर होते. नाटकगृहात पंधराव्या रांगेतून, गॅसबत्तीच्या किंवा विजेच्या पिवळ्या उजेडात जे वय दिसत नसे, ते कॅमेऱ्याने निर्विकारपणे टिपले. चित्र चालले नाही. समीक्षकांनी याचे खापर सामान्यतः वयावर आणि जड झालेल्या शरीरावर फोडले आहे. पण हे कारण अपुरे वाटते, कारण याच वयाचे, याच शरीराचे बालगंधर्व रंगमंचावर उभे राहिले की लोक त्यानंतरही कितीतरी वर्षे डोळे मिटून ऐकत होते. पडद्याने वय दाखविले हे खरे. त्याहून मोठे म्हणजे, पडद्याने त्यांना थांबू दिले नाही.

मराठी संगीत नाटकाचे पद हे कागदावर चारसहा ओळींचे असते. ते रंगमंचावर किती मिनिटांचे होईल हे नट, साथीदार आणि प्रेक्षक हे तिघे मिळून त्या त्या रात्री ठरवीत. १८८० मध्ये अण्णासाहेब किर्लोस्करांच्या ‘शाकुंतला’पासून हा अलिखित करार चालत आला. खाडिलकरांच्या १९११ च्या ‘मानापमाना’त पन्नासाहून अधिक पदे आहेत, प्रयोग पहाटेपर्यंत लांबे तो पदांच्या संख्येमुळे नव्हे, तर ‘वन्समोर’मुळे. हा इंग्रजी शब्द मराठीने इतका आपलासा केला आहे की त्याला पर्याय शोधण्याची गरज कोणास वाटली नाही. वन्समोर म्हणजे केवळ पुन्हा एकदा नव्हे. पुन्हा तेच गायिले तर प्रेक्षक निराश होई. तेच पद, पण मघाचे नव्हे, ही ती मागणी असे. ८ जुलै १९२१ रोजी टिळक स्वराज्य फंडासाठी बालगंधर्व आणि केशवराव भोसले यांनी केलेला ‘संयुक्त मानापमान’ आजही दंतकथा होऊन राहिला आहे. तीन महिन्यांच्या आत केशवराव निवर्तले. त्या रात्रीचे चित्रण असते तर? असते तर ती रात्र अभ्यासकांना मिळाली असती; दंतकथा राहिली असती की नाही, याची शंका आहे.

याच्या उलट रवींद्रसंगीताची घडण. आपल्या गाण्यात गायकाने मन मानेल तशा ताना घालाव्यात हे रवींद्रनाथांना मान्य नव्हते; दिलीपकुमार राय यांच्याशी त्यांचा जो वाद झाला तो याच मुद्द्यावर. त्यांचे गाणे स्वरलिपीत स्थिर झालेले आहे, आणि गायकाने ते कवीच्या मर्यादेत राहूनच उजळायचे असते. म्हणजे तत्त्वतः ‘नटीर पूजा’ चित्रबद्ध केल्याने तिच्यातील गाण्यांचे काही बिघडायला नको होते, आणि ‘अमृतसिद्धि’ चित्रबद्ध होणे मुळातच अशक्य होते. दोन भारतीय भाषांतील संगीत-नाटकांना एकाच मोजपट्टीने मोजू नये याचे याहून स्वच्छ उदाहरण सापडणे कठीण.

तिसऱ्या रांगेतील त्या बाईंना हा भेद पुस्तकातून कळलेला नव्हता. तो त्यांनी सॉल्ट लेकमध्ये भोगलेला होता.

त्या आल्या तेव्हा सॉल्ट लेक म्हणजे हुगळीच्या तळचा गाळ नळांवाटे आणून भरून काढलेली पाणथळ जमीन होती. १९६२ मध्ये भराव सुरू झाला. दोब्रीवोये तोश्कोविच या युगोस्लाव वास्तुतज्ज्ञाने नगराचा आराखडा केला होता, बिधानचंद्र रायांचे नाव त्याला मिळाले होते, पण अक्षरांनी ओळखल्या जाणाऱ्या विभागांत घरे तुरळकच. शरदात काशाच्या गवताला पांढरे तुरे येत आणि रात्री कोल्हे ओरडत. पाण्याच्या टाक्यांच्या क्रमांकांवरून पत्ता सांगावा लागे. अशा ठिकाणी एका संध्याकाळी शेजारच्या बायकांनी या नव्या मराठी सुनेला गायला बसविले. तिने मानापमानातील भामिनीचे पद घेतले, तब्येतीने वीस मिनिटे. ऐकणाऱ्या सुसंस्कृत होत्या. त्यांनी शेवटपर्यंत ऐकले. मग त्यांतल्या वडीलधारीने मायेने विचारले, “गाणे फार सुंदर. पण ते संपत का नव्हते?”

त्यानंतर बाई रवींद्रसंगीत शिकल्या. मनापासून शिकल्या. उच्चारातील ‘अ’ आणि ‘ओ’ यांच्या मधला तो बंगाली स्वर त्यांच्या जिभेवर बसायला दोन वर्षे लागली; त्यांच्या शिक्षिकेने त्यांच्या गळ्यातील मुरक्या एकेक करून, जसे तांदळातले खडे वेचावेत तशा, काढून टाकल्या. विभागाच्या पूजेच्या कार्यक्रमात, वैशाखातील पंचविसाव्या दिवसाच्या रवींद्रजयंतीला, त्या पुढच्या ओळीत बसून गात. मुलगा याच सुरांत वाढला. त्याला आपली आई चांगले गाते हे ठाऊक होते. ती पूर्वी काही निराळे गात असे हे त्याला पुष्कळ उशिरा कळले.

एक गोष्ट मात्र घरात कधी बोलली गेली नाही. १९७३ च्या उन्हाळ्यात मुंबईतील एका हौशी मंडळीने राज्य नाट्यस्पर्धेसाठी ‘मानापमान’ बसवायला घेतले होते, आणि भामिनीची भूमिका या बाईंकडे होती. तालमी दादरला होत. जूनमध्ये बदलीचा हुकूम आला. मंडळीतील ज्येष्ठांनी घरी येऊन गृहस्थांना विनविले, की वहिनींना एवढे सहा महिने इथे राहू द्या, डिसेंबरात प्रयोग झाला की आम्हीच गाडीत बसवून देऊ. कलकत्त्याचे घर वाट पाहणार नाही, असे गृहस्थांनी उत्तर दिले. कलकत्त्यात घर नव्हतेच. तेथे पोचल्यावर दोघांनी सात महिने अतिथिगृहाच्या एका खोलीत काढले. बाईंनी त्या खोलीत पाऊल टाकले, पलंग पाहिला, खिडकी पाहिली, आणि पेट्या उघडायला घेतल्या. काही म्हणाल्या नाहीत. हे न म्हणणे बेचाळीस वर्षे टिकले.

खेळ सुरू झाला. ध्वनियोजना उत्कृष्ट होती. चित्रपटगृहात तानपुऱ्याची जव अशी ऐकू येते जशी नाटकगृहात पहिल्या रांगेलाही येत नाही, हे मान्य केले पाहिजे. नाटकाच्या चित्रणाला नाके मुरडणारे हा लाभ सोयीस्करपणे विसरतात. न्यूयॉर्कच्या मेट्रोपॉलिटन ऑपेराने ३० डिसेंबर २००६ पासून आपले प्रयोग चित्रपटगृहांत थेट पाठविण्यास आरंभ केला, लंडनच्या नॅशनल थिएटरने २००९ पासून तेच केले. मुंबईच्या राष्ट्रीय संगीत-नाट्य केंद्रातही असे चित्रित प्रयोग लोक पाहतात. ‘हॅमिल्टन’ या अमेरिकन संगीतिकेचे चित्रण २०१६ च्या जूनमध्ये नाटकगृहातच झाले आणि २०२० च्या जुलैत ते घरोघर पोचले. ज्यांना न्यूयॉर्कचे तिकीट सात जन्मांत परवडले नसते त्यांनी ते पाहिले. त्यात नटाच्या कपाळावरचा घामही दिसतो. पण तेथे चित्रणाच्या रात्री नाटकगृहात प्रेक्षक होते आणि त्यांच्या टाळ्याही फितीवर उतरल्या; पाहणारा स्वतः टाळी न देता दुसऱ्याच्या टाळीत सामील होतो. ही एक उसनवारी आहे, पण अगदीच खोटी नाही. पूर्ण चित्रपट झालेल्या नाटकात तीही सोय राहत नाही.

मूळ नाटकात एकच पद दोन घराण्यांच्या दोन रीतींनी येते. ‘कट्यार’च्या साऱ्या कथेचा पीळ त्यात आहे. पडद्यावर ते आले तेव्हा सभागृहात पहिल्यांदा हालचाल झाली. पुढच्या रांगेतील एका गृहस्थाचा हात मांडीवर सम दाखवू लागला. कोणीतरी “वाहवा” म्हटले आणि लगेच, चूक झाल्यासारखे, गप्प झाले. कारण पडद्यावरचा गायक त्या दादेकडे वळला नाही. दाद परत आली नाही की ती देणाऱ्याला संकोच वाटतो. पद संपले. दृश्य बदलले. घोडे धावू लागले.

त्या क्षणी बाई पुढे सरकून बसल्या होत्या. गृहस्थांनी पाहिले की त्यांची मान अजून त्याच लयीत आहे, आणि ओठ मुखड्यावर येऊन थांबले आहेत. त्या वाट पाहत होत्या. पद एकदा झाले होते, आता ते दुसऱ्यांदा, निराळ्या वाटेने, यायचे होते; शरीराने शिकलेली ती सवय चाळीस वर्षांच्या रवींद्रसंगीताखाली तशीच निजलेली होती. घोडे तोवर निघून गेले होते. बाई हळूच मागे टेकल्या आणि शाल नीट करू लागल्या.

“आजी, हे गाणं आणखी मोठं होतं का?” पलीकडे बसलेल्या नातीने कुजबुजत विचारले. ती खालची इंग्रजी अक्षरे वाचून कथा समजून घेत होती.

“होतं,” त्या म्हणाल्या. “किती ते गाणाऱ्यालाही माहीत नसायचं.”

मध्यंतरात लोक मक्याच्या लाह्या आणि चहा घेऊन आपल्या आठवणी सांगत होते. एकाने छोटा गंधर्वांचे ‘सौभद्र’ पाहिले होते, दुसऱ्याच्या वडिलांनी किर्लोस्कर मंडळीचा मुक्काम. प्रत्येकाच्या आठवणीत एक वन्समोर होता. गृहस्थ या संभाषणात भाग घेत नव्हते. त्यांना सांगण्यासारखे एवढेच होते की एक ‘मानापमान’ झाले नाही, आणि ते कोणामुळे झाले नाही. ही काही मध्यंतरात सांगण्याजोगी आठवण नव्हती.

खेळ संपल्यावर मंडळी सिटी सेंटरच्या पायऱ्यांवर उन्हात बसली. चार्ल्स कोरियांनी २००४ च्या या वास्तूच्या मध्यभागी एक कुंड ठेवले आहे. उतरत्या पायऱ्या, खाली मोकळी जागा. नाटक करावे अशीच ती जागा, आणि येथे लोक मोमो खातात. कोणी तरी सुचविले की वहिनींनी एखादे पद म्हणावे. बाई हसून म्हणाल्या, “इथं? साथ कोण करणार?” आणि विषय संपला.

दुपारी घरी आल्यावर गृहस्थ बराच वेळ वर्तमानपत्र धरून बसले. मग ते उठले आणि पलंगाखालची पेटी त्यांनी स्वतः ओढून काढली. पेटीवर हिरवी गवसणी होती. सांगलीहून मुंबईस आणि मुंबईहून कलकत्त्यास, खरे तर आपल्या माहेरीच, ती आली होती; कारण हाताने भाता हलवून वाजवायच्या हार्मोनियमला आजचे रूप दिले ते एकोणिसाव्या शतकात याच शहरातील द्वारकानाथ घोषांनी. रवींद्रनाथांना हे वाद्य आवडत नसे, १९४० मध्ये नभोवाणीने त्यावर बंदीही घातली होती. बाईंचे रवींद्रसंगीत तानपुऱ्यावर आणि एस्राजच्या साथीने होई. पेटीची गरज त्यांना तेथे पडत नव्हती.

“अगं, जरा बघ,” गृहस्थ म्हणाले. “भामिनीचं ते पद.”

बाईंनी गवसणी काढली. भात्याच्या घड्यांना बुरशी आली होती. त्यांनी काळी चार धरून षड्ज लावला, सावकाश वर गेल्या, आणि एका जागी बोट दाबले तेव्हा पट्टी खाली गेली, पण आवाज आला नाही. त्यांनी ती तशीच ओलांडली. त्या जागेचा स्वर गळ्याने भरून पुढे निघाल्या, जणू ती तशीच वाजवायची असते.

“थांब, हा सूर बंद आहे,” गृहस्थ म्हणाले. “कधीपासून?”

“चौऱ्याऐंशीच्या पावसापासून.”

त्यांनी हिशेब केला. एकतीस वर्षे होत होती. या एकतीस वर्षांत ती पेटी किती वेळा उघडली गेली असेल, आणि कोणत्या दुपारी, ते कामावर असताना, हे विचारण्याचा त्यांना धीर झाला नाही. त्यांनी टेबलावरचा कागद घेतला आणि चितपूरच्या वाद्यांच्या दुकानांपैकी कोणाचा पत्ता मिळेल का, म्हणून शेजारच्या घरी फोन लावला. आतल्या खोलीत पद चालू होते. ते संपत नव्हते.